राखेतली डाळ

जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाला परी भेटत नाही. तिथे भोपळ्याची बग्गी नाही, काचेचा बूटही नाही. ते सगळं फ्रान्सच्या शार्ल पेरोचं, १६९७ सालच्या पुस्तकातलं. तिथून ते सिनेमात गेलं आणि सिनेमातून आपल्या पोरींच्या दप्तरांवर आलं. ग्रिमांकडे आहे ती डाळ. सावत्र आई वाडगाभर मसूर चुलीच्या राखेत ओतते आणि पोरीला म्हणते, दोन तासांत निवडून दे, मग ये नाचाला. पोरगी मागच्या दारी जाऊन पाखरांना हाक मारते. कबुतरं येतात, होले येतात, आणि टिपून टिपून सगळी डाळ वाडग्यात टाकतात.

आमच्या थोरलीने हे वाचलं तेव्हा फोनमधून मान वर करून तिने विचारलं, "मावशी, कबुतरं कायले पाह्यजे वं? त्यायच्या घरी चाळणी नव्हती का?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, बियाण्याच्या तुरीला-मुगाला राख चोळूनच डब्यात भरतात, म्हणजे कीड लागत नाही. मृगाच्या आधी डबा काढायचा, चाळणीतून राख खाली पाडायची, उरलेलं सुपात घेऊन पाखडायचं. वाडगाभर मसूर म्हणजे चहाला आधण येईपर्यंतचं काम. ज्यांनी दोन तासांची मुदत घातली त्यांनी जन्मात सूप हातात धरलेलं नसणार.

मग थोरलीने आपली गोष्ट लिहिली. तिच्यातली सिंड्रेला चाळणी घेते, सूप घेते, डाळ मोकळी करते आणि उरलेला सगळा वेळ आईच्या कबरीवरच्या झाडाखाली झोपून काढते. गोष्टीचा जवळजवळ निम्मा भाग त्या झोपेचा आहे. सावली कशी सरकते, मुंगी कुठून जाते, लांबून गिरणीचा आवाज कसा येतो. कुणी उठवायला येत नाही. नाचाला ती जाते की नाही, हे पोरीने लिहिलेलंच नाही. एका कथांच्या ॲपवर तिने ती टाकली. मी अंगणवाडी सेविका आहे, सरकारी फोनवर पोषणाच्या नोंदी भरता भरता ती वाचली, आणि मला स्वतःलाच झोप आल्यासारखं झालं. बाईमाणसाची दिवसाढवळ्याची झोप इतक्या निवांतपणे लिहिलेली मी तरी कुठे वाचली नव्हती.

या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात. आवडलेली गोष्ट घ्यायची, तिच्यातली माणसं घ्यायची, आणि आपलं मन जिथे अडलं तिथून ती पुन्हा लिहायची. पैसे मिळत नाहीत. जगभर लाखो माणसं हे करतात, त्यांत बायका-मुली फार, आणि परीकथा हा त्यांचा हक्काचा माल, कारण त्यावर कुणाची मालकी नाही. २००७ साली अमेरिकेत अशाच लिहिणाऱ्या काही जणींनी ठरवलं की आपल्या गोष्टी ठेवायची जागा आपलीच हवी, कंपनीची नको. त्यांनी ना-नफा संस्था काढली, दोन वर्षांनी संकेतस्थळ सुरू झालं: आर्काइव्ह ऑफ अवर ओन. जाहिराती नाहीत, काम सगळं स्वयंसेवकांचं. २०१९ साली त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नावामागे इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फच्या १९२९ च्या निबंधातली ती स्वतःची खोली आहे. लिहायचं तर बाईला पैसा हवा आणि स्वतःची खोली हवी, ही त्यातली मागणी.

स्वतःची खोली आमच्या घरात फक्त कापसाला आहे. वेचणी सुरू झाली की आतली खोली त्याची होते, आणि भाव वाढेल या आशेवर तो संक्रांतीपर्यंत तिथेच राहतो. माणसं पडवीत. थोरली स्लॅबवर बसून लिहिते, कारण रेंज तिथेच येते, आणि अंगाला कापसाची खाज सुटत नाही तीही तिथेच. इंग्रजी गोष्टी ती फोनच्या भाषांतरावर वाचते. ते भाषांतर राजपुत्राला मधूनच 'ती' करतं आणि राजकन्येला 'तो'. "आपोआप स्त्रीवादी होते वं मावशी, आपल्याले काही करा नाही लागत," असं तिचं म्हणणं.

तिच्यामुळे मीही बऱ्याच वाचल्या. त्यातल्या पुष्कळ गोष्टींचा मला लवकर कंटाळा आला, हे सांगून टाकते. राजकन्येच्या हातात तलवार येते. ती राक्षस स्वतः मारते, राजपुत्राला 'तू मागे हो' म्हणते, लग्न मोडते आणि घोड्यावर बसून जग बघायला निघते. वाचताना बरं वाटतं, नाही असं नाही. पण राजकन्येने तलवार घेतली की त्या दिवशी वाड्यावरची भांडी कोण घासतं, घोड्याला चारा कोण घालतं, हे या गोष्टी सांगत नाहीत. तिच्या जागी दुसरी कुणीतरी राखेत बसलेली असणारच. तिचं नाव येत नाही, एवढंच.

आणि धीट राजकन्यांचं आम्हा विदर्भवाल्यांना नवल ते काय! आमचा मुलूखच राजकन्यांचं माहेर. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, वर्धा नदीच्या काठची. भावाने ठरवलेलं लग्न तिने मोडलं ते कृष्णाला निरोप धाडून, ये आणि मला घेऊन जा असं बजावून. दमयंती विदर्भाचीच. नळ परागंदा झाला तेव्हा तिने माणसं पाठवून त्याचा माग काढला, आणि तो बाहुक नावाचा सारथी होऊन अयोध्येच्या राजाकडे असल्याचा संशय आल्यावर आपलं दुसरं स्वयंवर असल्याची खोटी आवई उठवून त्याला ओढून आणलं. याहून धूर्त नायिका कोण लिहिणार? पण तो बाहुक म्हणजेच नळ, याची खातरजमा करायला दमयंतीने ज्या दासीला पाठवलं, ती केशिनी. ती जाते, त्याच्याशी बोलते, तो स्वयंपाक कसा करतो, पाणी-विस्तव कसा आणतो ते बारीक नजरेने बघते, परत येऊन सांगते, पुन्हा जाते, त्याने शिजवलेलं मांस मागून आणते. सगळा तपास तिचा. काम झालं की ती कथेतून गळते. केशिनीची गोष्ट कुणी लिहील तर मी पहिली वाचीन.

मला या पुनर्कथनांत गोडी लागली ती राजकन्येमुळे नाही, सावत्र आईमुळे. कारण मी सावत्र आई आहे. या घरात मी दुसरेपणावर आले तेव्हा थोरली शाळेतही जात नव्हती. तिची आई तापाने गेलेली. लोकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून ती मला मावशी म्हणू लागली आणि तेच राहिलं. मलाही ते बरं वाटलं, उगाच कुणाची जागा बळकावल्यासारखं नको. पण गावाच्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून गोष्टीतली होते. पोरीचा गुडघा फुटला की शेजारीण आधी गुडघ्याकडे बघायची, मग माझ्याकडे. तिच्या वेणीला रिबीन नसली तरी त्याचा अर्थ लागायचा. माझी धाकटी झाल्यावर तर दोघींच्या ताटातल्या भाजीवर लोकांची नजर. वाईट वागण्याची मला मुभाच नव्हती, आणि पोरीला रागावण्याचीही नव्हती. सख्ख्या आईला एक धपाटा माफ असतो.

म्हणून हिमगौरीची गोष्ट मी अंगणवाडीत कधी सांगितली नाही. आरसा, विषारी सफरचंद, सावत्र आई. ऐकणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांत दरवर्षी एखादं तरी दुसरेपणाच्या घरचं असतं.

पुढे मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते तेव्हा कळलं की हिमगौरीची ती राणी सावत्र नव्हतीच. ग्रिम बंधूंनी १८१२ साली पहिल्यांदा गोष्ट छापली तेव्हा मुलीच्या रूपावर जळणारी, तिला रानात मारायला पाठवणारी बाई तिची सख्खी आई होती. बर्फासारखी गोरी मुलगी मला होऊ दे, असं म्हणणारी तीच. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या आईला मरण आलं आणि तिच्या जागी सावत्र आई बसली. हान्सेल आणि ग्रेटेलचंही तसंच. पोरांना रानात सोडून यायला सांगणारी आधी आईच होती, नंतरच्या एका आवृत्तीत ती सावत्र झाली. पुस्तक घरोघरी पोरांच्या हाती जाऊ लागलं होतं. आईपण डागाळायला नको होतं. मग डाग कुणाच्या अंगावर टाकायचा? दुसरी आलेलीच्या.

हे वाचून मला राग येण्यापेक्षा मोकळं वाटलं. म्हणजे ही बाई मुळात माझ्या जातीची नव्हती, तिला नंतर माझ्या घरात आणून सोडलं होतं. आणि मग पहिली गोष्टच जास्त खरी वाटू लागली. वयात येणाऱ्या लेकीकडे बघताना सख्ख्या आईच्या पोटात काहीतरी हलतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? माझ्या धाकटीला पहिल्यांदा साडी नेसवली तेव्हा मी आरशात तिच्याऐवजी स्वतःकडे बघितलं होतं. त्यासाठी कुणाला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवायचं कारण नाही. ग्रिमांच्या गोष्टीत राणीचा शेवट तसा केला आहे.

आणखी एक गोष्ट थोरलीच्या ध्यानात आली, माझ्या नव्हती आली. सिंड्रेलाचा बाप. आपण तो मेला असं धरून चालतो. ग्रिमांकडे तो चांगला धडधाकट आहे. जत्रेला जातो, येताना मुलीला तिने मागितलेली झाडाची फांदी आणतो, आणि राजपुत्र बूट घेऊन दारात येतो तेव्हा सांगतो, आता पहिल्या बायकोची एक खुरटलेली पोर तेवढी आहे, ती काही तुमची नवरी नव्हे. म्हणजे डाळ राखेत पडत होती तेव्हा हा माणूस घरातच होता! दोनशे वर्षं आपण सावत्र आईला दगड मारतो आहोत आणि हा बाजूला बसून बघतो आहे. आमच्याकडेही पोरींच्या भांडणाचा निवाडा करायची वेळ आली की घरधनी नेमके बैलांना पाणी दाखवायला जायचे. थोरली म्हणाली, "मी त्याले गोष्टीत आणतोच आता." आमच्याकडे पोरीही 'आणतो, जातो' म्हणतात.

तिने आणली मात्र सावत्र आई. त्या गोष्टीतली बाई रात्री दिव्यापाशी हिशेब करते: कृषी केंद्राची उधारी, पहिल्या नवऱ्याने मागे ठेवलेलं कर्ज, दोन आपल्या पोरी, एक नवऱ्याची. वर्ष गुलाबी बोंडअळीचं, म्हणजे २०१७ असावं. आमच्या जिल्ह्यात ते साल कुणी विसरलेलं नाही, बोंडअळीने पीकही गेलं आणि फवारणीच्या विषबाधेने माणसंही गेली. राजवाड्याचं बोलावणं येतं तेव्हा तिच्याकडे दोन लुगड्यांपुरतेच पैसे असतात. तिसरीला ती घरी ठेवते. कुणाला ठेवायचं हे ठरवताना ती क्षणभरही थांबत नाही, आणि लेखिका तिला त्याबद्दल माफ करत नाही.

"इतकी हिशेबी वाटतो का मी तुले?" मी विचारलं.

"मावशी, मी सावत्र माय लिहिली. तुले कुठं लिहिलं?"

मला ती गोष्ट आवडली ती तिच्या शेवटच्या कठोरपणामुळे. खलनायिकेला बिचारी करून टाकायची एक लाट गेली काही वर्षं आहे. शापामागे जुनी जखम दाखवायची, मग सगळं धुऊन निघतं. ऑनलाइन गोष्टींत तर चेटकिणी, सावत्र आया, दुष्ट राण्या सगळ्या रांगेने निर्दोष सुटतात. माझ्या माहेरच्या गल्लीत एक सावत्र आई होती, ती पोराला उपाशी ठेवायची. तिचीही काही कारणं असतील. पोर उपाशी राहायचं ते राहायचंच. बाई समजून घ्यायची म्हणजे तिला सोडवायची असं नाही, हे एवढ्याशा पोरीला कळलं आणि मोठ्या पुस्तकवाल्यांना कळत नाही.

आता आपल्या घरची सिंड्रेला. श्रावणी सोमवारी शिवामुठीची कहाणी वाचतात ती. आटपाट नगराच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं वस्त्र, राहायला गुरांचा गोठा, काम गुराख्याचं. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. एका सोमवारी सासरचे सगळे तिचा देव बघायला निघतात. देव दूर आहे, वाटेत काटेकुटे आहेत, साप-वाघ आहेत, असं ती सांगते. रानातलं देऊळ सोन्याचं होतं, राजा चकित होतो, आणि नावडती होती ती आवडती होते.

लहानपणापासून ऐकलेली. पण ही कहाणी ऐकताना चौघींपैकी तिघींचं काय झालं हे कुणी विचारत नाही. थोरलीने विचारलं. तिची कहाणी तिसऱ्या सुनेच्या तोंडची आहे. ही तिसरी आवडती आहे, आणि आवडती राहायला तिला रोज काय काय करावं लागतं याची यादीच त्या गोष्टीत येते: कधी हसायचं, कुणाच्या आधी जेवायचं नाही, नावडतीबद्दल कुणी बोललं की मान कशी हलवायची. गोठ्यात उष्टं पोचवायचं काम तिच्याकडे आहे. ती त्यात गुपचूप ताजी भाकर घालते, पण ते नावडतीला कळू देत नाही, कारण कळलं तर दोघी गोठ्यात. नावडती पालखीतून घरी येते त्या दिवशी तिसरीला घाम फुटतो. आवडत्यांची संख्या चार झाली. आता गोठ्यात कोण?

ते वाचून आमच्या बचत गटातल्या बायका एकदम गप्प झाल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या. जावा-जावांचं असं काही निघालं की बैठकीचा हप्ता गोळा करायचा राहिला. एक म्हातारी मात्र चिडली. कहाणी बदलायची नसते, व्रत मोडतं, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, काकू, भुलाबाईत तुम्ही काय करत होत्या मग?

कारण भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर या गावातल्या पोरींनी पिढ्यान्पिढ्या हेच केलं आहे. भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी मांडायची, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणायची, शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. त्या गाण्यांत रुसून बसलेली एक सून आहे. सासू येते, सासरा येतो, दीर येतो, एकेक जण एकेक दागिना देऊ करतो, ती हलत नाही. शेवटी नवरा येतो. आता नवरा काय आणतो यावर गावागावात फरक. कुठे तो मंगळसूत्र घेऊन जातो आणि सून उठते. कुठे लाल चाबूक घेऊन जातो आणि सून उठते. दोन्ही गाणी पोरीच गातात, खिदळत, एकाच चालीवर. चाबूकवालं गाणं म्हणणाऱ्या पोरींना काय कळत नव्हतं? त्या घरात काय चालतं ते सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि सासरी जायच्या आधी एकमेकींना सांगून ठेवण्याचा तो एक मार्ग होता.

कारल्याच्या वेलाचं गाणं तर मला कुठल्याही स्त्रीवादी गोष्टीच्या बरोबरीचं वाटतं. सून माहेरी जाऊ का म्हणून विचारते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं. वेल येऊ दे, मग जा. वेल आला. फूल लागू दे, कारलं लागू दे, भाजी कर. एकाही ओळीत सासूला दुष्ट म्हटलेलं नाही, सून एकदाही रडत नाही. नुसती कामं पुढे सरकत राहतात, एका बियाण्याच्या अख्ख्या हंगामाएवढी. पोरी टिपऱ्या वाजवत मोजत राहतात. आमच्या लहानपणी तर कारल्याच्या जागी कपाशीची पऱ्हाटी घालायचो, म्हणजे वेचणी संपेपर्यंत सुनेला माहेर नाही. हे कुणी लिहून ठेवलं नाही, त्याला कुणी पुनर्कथन म्हटलं नाही.

गोष्टी सांगायच्या बायकांनी आणि छापायच्या पुरुषांनी, ही रीत जर्मनीतही होती. ग्रिमांना गोष्टी पुरवणाऱ्यांत घरंदाज कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या, आणि डोरोथिया फीमान नावाची एक शिंप्याची बायको होती. ती कासेल शहरात शेतातला माल विकायला यायची. त्यांनी सांगताना कुठे आवाज चढवला, कुठे डोळा मारला, ते छापखान्यात पोचलं नाही. म्हणून फोनवर लिहिणाऱ्या पोरी परंपरा मोडतात असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. त्या तर छापलेल्या गोष्टीला पुन्हा तोंडी गोष्टीसारखं वागवतात. एकीने सांगितलं, दुसरीने वळवलं, तिसरीने तिसरीकडेच नेलं.

रानात लांडगा भेटतो त्या लाल टोपीवालीचं मात्र आमच्याकडे वेगळं होतं. परदेशात लांडगा गोष्टीतच उरला असेल. आमच्या तालुक्यात वाघीण होती. तेरा माणसांच्या मृत्यूचं खापर तिच्यावर होतं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात तिला गोळी घातली. वनखात्याच्या कागदावर ती टी-१, शहरांत अवनी. शहरांत तिच्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, दोन बछड्यांची आई मारली म्हणून. आमच्याकडे फटाके वाजले. एकाच बाईच्या दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्हींत ती बाई काही बोलली नाही. मला त्या वेळी कुणाची बाजू घेता आली नाही. निंदणाला जाणाऱ्या बायांचे चेहरे मी रोज बघत होते, आणि पिलं मागे ठेवून मेलेली आईही डोळ्यांपुढून जात नव्हती.

थोरलीची लाल टोपीवाली त्याच दिवसांतली आहे. शेतात जागलीला असलेल्या आजीला डबा द्यायला पोरगी निघते. रानाच्या कडेची वाट, सगळ्यांनी बजावलेलं, वाघ आहे. वाटेत एक ओळखीचा माणूस मोटारसायकल थांबवतो. "एकटी कुठं चालली? वाघ फिरून राह्यला. बस, सोडून देतो." गोष्टीत वाघ शेवटपर्यंत दिसत नाही. पोरगी बसत नाही, पण त्यासाठी तिला काय काय बोलावं लागतं, किती गोड राहावं लागतं, मामा म्हणावं लागतं, हे पानभर आहे. ती आजीपर्यंत पोचते आणि आजीला म्हणते, वाट मोकळी होती.

गंमत अशी की पेरोने १६९७ साली हेच सांगितलं होतं. त्याच्या गोष्टीत कुणी शिकारी येत नाही. लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट संपते. पण खाली त्याने पद्यात तात्पर्य दिलं आहे: लांडगे अनेक तऱ्हेचे असतात, आणि गोड बोलत पोरींच्या मागे थेट घरात शिरणारे मवाळ लांडगेच सगळ्यांत धोक्याचे. फक्त त्याने बोट पोरीकडे दाखवलं, तू ऐकलंस का म्हणून. आमच्या गावातही तेच झालं. त्या वर्षी दोन पोरींचं तालुक्याचं कॉलेज बंद केलं, वाघाच्या भीतीने. वाघीण मेली. कॉलेज काही पुन्हा लागलं नाही.

या बाबतीत आमची भोपळ्यातली म्हातारी सगळ्यांना पुरून उरते. अंगणवाडीत मी ती आठवड्यातून एकदा सांगतेच. एकटी म्हातारी, रानातून लेकीकडे निघालेली. वाघ अडवतो, कोल्हा अडवतो. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असं सांगून ती सुटते, आणि येताना भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून जाते. शिकारी नाही, लाकूडतोड्या नाही. भोपळा लेकीच्या घरचा. हिला कुणी सुधारू नये.

इकडच्या बाईने गोष्टीला उलटा प्रश्न विचारण्याची सुरुवातही इकडेच झाली आहे, हे फोनवर लिहिणाऱ्या पोरींना कुणी सांगत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. तिच्यात त्यांनी सावित्रीची कथा घेऊन विचारलं की नवऱ्याच्या प्राणासाठी बायको यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी कुणी नवरा गेल्याचं ऐकलं आहे का? जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी इतकं झोडपलं असावं की त्यांचं दुसरं पुस्तक आलेलं नाही. थोरलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बुलढाण्याची फॅन फिक्शनवाली." मी म्हटलं, हाव, तसंच समज.

सध्या ती अडली आहे सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीपाशी. ग्रिमांच्या गोष्टीत बूट मोठ्या बहिणीच्या पायात जात नाही तेव्हा तिची आई हातात सुरी देते. अंगठा काप, राणी झाल्यावर तुला चालायचं कशाला? पोरगी कापते. दुसरी टाच कापते. राजपुत्र एकेकीला घोड्यावर घेतो, झाडावरची कबुतरं बुटातलं रक्त दाखवतात, तो एकेकीला परत आणून सोडतो. नंतरच्या आवृत्त्यांत ग्रिमांनी कबुतरांकडून त्यांचे डोळेही फोडून घेतले.

थोरलीला तिथून पुढचं लिहायचं आहे. राजपुत्र सोडून गेला, राणीपण गेलं, अंगठाही गेला. तिचा विचार होता की बहीण राजवाड्यात जाते, सिंड्रेला तिला मिठी मारते, दोघी मिळून काहीतरी मोठं करतात. मी म्हटलं, असलं नको. ती चालते कशी ते आधी लिही. आमच्याकडे बाईला राणी होऊनही चालावंच लागतं. वेचणीला गेली तर पऱ्हाटीच्या तासातून अंगठ्याशिवाय पाय कसा टाकते, कमरेची ओटी भरायला तिला किती वेळ लागतो. पैसे किलोवर मिळतात, लंगडणारीची ओटी उशिरा भरते. आणि सुरी देणारी आई त्याच घरात आहे. जखमेला हळद तीच लावत असणार. तेव्हा दोघी काय बोलतात?

"बोलत नाईत," थोरली म्हणाली. "माय खालीच पाहून राह्यते."

"पाह्यते तर पाहू दे. पण फडकं कशाचं बांधते ते लिही."

यावर दोन दिवस आमचं वाजलं. तिचं म्हणणं, मी प्रत्येक गोष्ट वेचणीत आणि दवाखान्यात नेऊन घालते, मग त्यात परीकथा उरते कुठे. त्यातही तथ्य आहे. धाकटीने मध्येच सांगितलं की कबुतरांना एकदा तरी हाकलून द्या, सगळ्या भानगडी त्यांनीच केल्या. ते थोरलीला पटलं, आणि पहिल्या परिच्छेदातच बहीण गोफण घेऊन उभी आहे.

पुढचा भाग परीक्षा झाल्यावर येईल. तोवर मी तिच्यामागे एकच लकडा लावला आहे, त्या बापाला आता उठव. अंगठ्याचा दवाखाना तालुक्याला आहे, गाडी जुंपायला कुणीतरी लागेल.